केबल कारचे दाखले देणाऱ्यांनो

मुंबईच्या ट्रामचा विषय अधूनमधून निघतोच. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली, सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर गेली, की लगेच ठरलेला टोमणा येतो: 'सॅन फ्रान्सिस्को बघा, १८७३ ची केबल कार अजून चालवतात! आपल्याला कदरच नाही.' हा टोमणा मारणारे बरेचसे इथूनच, बे एरियातून (म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या पट्ट्यातून), मारतात याचा जास्त राग येतो. निदान त्यांनी तरी गाडीखाली काय चाललंय ते बघावं.

डब्याला इंजिन नसतं. रस्त्याच्या पोटात सव्वा इंच जाडीचा पोलादी दोर ताशी साडेनऊ मैलांनी अखंड पळत असतो. त्याला वॉशिंग्टन आणि मेसन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या पॉवरहाऊसमधल्या मोटरी ओढतात. (तिथलं म्युझियम फुकट आहे, तरी रांग पॉवेल स्ट्रीटवर गाडीत बसायलाच लागते.) गाडी चालवणाऱ्या ग्रिपमनच्या हातातला लांब दांडा म्हणजे एक अजस्र पक्कड. ती दोराला आवळली की गाडी चालते, सैल करून ब्रेक लावला की थांबते. चढावर जो दोर ओढतो, उतारावर तोच गाडीला आवरून धरतो. पकडीचे जबडे मुद्दाम मऊ धातूचे असतात, म्हणजे झीज त्यांची व्हावी, दोराची नाही. ते काही दिवसांत बदलतात. रुळावर दाबायचे ब्रेक लाकडी ठोकळ्यांचे. उतारावर जळक्या लाकडाचा वास येतो तो त्यांचाच. ठोकळेही काही दिवसच टिकतात, आणि दोर काही महिने. सगळंच हुकलं तर रुळांमधल्या फटीत पोलादी पाचर घुसवायची. ती कधीकधी इतकी घट्ट बसते की गॅसने कापून काढावी लागते.

दोराचा एखादा पीळ तुटून पकडीत अडकला, तर ग्रिपमनने सोडला तरी दोर सुटत नाही आणि गाडी खेचली जाते. म्हणून तुटका पीळ ओळखून दोर थांबवणारी यंत्रणा आहे. पॉवेल आणि कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या चौकात कॅलिफोर्नियाचा दोर वरून जातो, कारण ती लाइन आधीची. पॉवेलच्या गाडीने तिथे आपला दोर सोडून नुसत्या वेगावर चौक ओलांडायचा.

ही कदर नाही, देखभाल आहे; आणि तिचा खर्च मतपेटीतून मंजूर झालाय. १९४७ मध्ये महापौर रॉजर लॅपम यांना पॉवेल स्ट्रीटच्या गाड्या काढून बस आणायच्या होत्या. फ्रीडेल क्लुसमन या बाईंनी समिती उभी केली, प्रश्न मतदानाला गेला आणि गाड्या तिपटीहून जास्त मतांनी वाचल्या. तरी १९८२ ते ८४ सगळं बंद ठेवून रूळ, दोराची खाच, पॉवरहाऊस नव्याने बांधावं लागलं. आणि भाडं? साध्या म्युनी (शहराच्या बससेवेच्या) बसच्या दुपटीहून जास्त, बसचा ट्रान्स्फरही चालत नाही. परळला कामावर निघालेल्या माणसाकडून असं भाडं घेऊन दाखवा, मग बेस्टला शिव्या द्या.

पाहुण्यांना घेऊन जाणार असाल तर पॉवेल आणि मार्केट स्ट्रीटच्या टर्नटेबलपाशी (डबा उलटा फिरवायच्या गोल चकतीपाशी) तास घालवू नका. सकाळी लवकर जा, नाहीतर सरळ कॅलिफोर्निया लाइन धरा. तिच्या डब्यांना दोन्ही टोकांना ग्रिप असते, त्यामुळे टर्नटेबल नाही आणि रांगही तोकडी. खाडीचा देखावा हवा तर पॉवेल-हाईड लाइन. दिवसात दोनदापेक्षा जास्त चढायचं असेल तर 'व्हिजिटर पासपोर्ट' नावाचा एक दिवसाचा पास घ्या. डब्याच्या बाहेरच्या फळीवर उभं राहायचं तर खांब घट्ट धरा, पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. शेजारून जाणारा ट्रक वीतभर अंतरावरून जातो. ग्रिपमनच्या दांड्याच्या आवाक्यात मात्र अजिबात उभं राहू नका, तो दांडा अंग मागे टाकून ओढावा लागतो. आणि गाडी ऐन चौकात थांबली तर घाबरू नका. दोन्हीकडे चढउतार, सपाट जागा तेवढीच.

तुलना करायचीच तर माथेरानच्या गाडीशी करा. १९०७ ची, पाहुण्यांसाठीच चालणारी. २०१९ च्या पावसात मार्ग उखडला, २०२२ मध्ये नेरळहून पुन्हा सुरू झाला. तो दुरुस्त केला आपल्याच लोकांनी, त्याचा फॉरवर्ड कुणी पाठवला? पण माथेरान दाखवलं तर आपण इथे येऊन काहीतरी जास्त शहाणे झालो, हे सिद्ध होत नाही ना.

सनीवेल, फ्रीमाँटच्या मराठी घरांत विचारा, केबल कारमध्ये शेवटचे कधी बसलात? उत्तर एकच: आई-बाबा आले होते तेव्हा. आम्ही १०१ हायवेवर आपापल्या गाडीत बसून ट्राम जपायला हवी होती म्हणतो. बहुतेकांचा जन्मच १९६४ नंतरचा, त्या ट्रामचं तिकीट आमच्यापैकी कुणी काढलेलं नाही. इथल्या मंथली पासात केबल कार फुकट असते, तो पासही आमच्याकडे नाही. पाहुण्यांबरोबर फळीवर लटकतो तेव्हा कंडक्टर आम्हालाही विचारतो, 'कुठून आलात?' आणि आम्ही मुंबईच सांगतो.