बाल्कनीतला कमांडो

टू बीएचके आहे ना? मग बेल्जियन मॅलिनॉइसच आणा. लॅब्राडोर काय, कुणीही पाळतं. २०१९ मध्ये ‘इसिस’चा म्होरक्या बगदादीच्या मागे बोगद्यात धावलेला अमेरिकी लष्कराचा कुत्रा कॉनन याच जातीचा. आपलं सीआरपीएफ नक्षली भागात पेरलेली स्फोटकं हुंगायला याच जातीला नेतं. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर स्फोटकं नाहीत म्हणून काय झालं? चपलांचं कपाट आहे की.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून पाच आठवड्यांचंच मागा. फोटोत गोंडस दिसतं. जोरात चावलं की खेळ थांबतो, हे पिल्लू आई-भावंडांत शिकतं. तुमच्याकडे ते तुमच्या बोटांवर शिकेल.

आज्ञा मात्र तिन्ही भाषांत द्या: सिट, बैठ, बस रे बाबा.

घरात शू केली की नाक त्यात घासा. मग ते गुपचूप सोफ्यामागे करायला शिकतं.

तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाला माणसं, स्कूटर, कुकरच्या शिट्ट्या, लिफ्ट या सगळ्याची ओळख करून द्यायची असते म्हणे. लसी पूर्ण नसतील तर कडेवर घेऊन फिरवता येतं. तुम्ही कोंडूनच ठेवा. पुढे वॉचमनकाकांची छत्री पाहून ते पिसाळल्यासारखं भुंकलं की सांगायला बरं, ‘रक्तातच राखण आहे त्याच्या!’

आता बाल्कनी. सकाळी ऑफिसला निघताना साखळी अडकवायची आणि रात्री येऊन काढायची. पाण्याचं भांडं त्यानं तासाभरात उपडं केलं तर ती त्याची चूक. ही जात बेल्जियममधल्या मेखेलेनच्या आसपास मेंढ्या वळायला तयार झाली, दिवसभर राबण्यासाठी. इथे मेंढ्या नाहीत, म्हणून ते कबुतरं वळतं, खालून जाणारा दूधवाला वळतं, आणि कुणीच नसलं की दुपारी दोन वाजता नुसत्या हवेवर भुंकतं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘सर्वांना नम्र विनंती’ पडली की तुम्ही अंगठा टाकायचा. कुणी वर येऊन सांगितलंच, तर पोराला पंचाण्णव टक्के पडल्याच्या थाटात म्हणायचं, ‘एनर्जी फार आहे हो त्याला!’

परवा रविवारी ही एनर्जी साखळीविना जिन्यात आली. माझी भाची धावत खाली उतरत होती. त्यानं तिची टाच धरली. मोज्यातून दात आत गेले, रक्त आलं, आणि मालक वरून म्हणतात, ‘काही करत नाही हो तो!’ लसीचं कार्ड मागितलं तर ते ब्रीडरकडेच राहिलंय. म्हणजे आता आठ वर्षांच्या पोरीनं इंजेक्शनं घ्यायची, आणि साहेब म्हणणार, ‘तिनं पळायलाच नको होतं.’ वर तोडगाही तयार: ‘ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर सोडू.’ पुण्यातली निम्मी नकोशी कुत्री ज्या फार्महाऊसवर जातात, तेच असणार हे. तिथून पुढे ती कुठे जातात, हे कुणी विचारत नाही.

अहो, लाज वाटू द्या थोडी! पळणाऱ्याच्या मागे धावून त्याला अडवायचं, हेच काम या जातीनं पिढ्यान्‌पिढ्या केलंय. ते पिल्लू वाईट नाही, रिकामं आहे. तुम्ही त्याला काम दिलं नाहीत, म्हणून त्यानं स्वतः शोधलं. वाटीभर खाणं हॉलमध्ये ठिकठिकाणी लपवून हुंगत शोधायला लावा, पंधरा मिनिटांत थकेल. दात येताहेत, तर चावायला जाड दोर द्या, त्यासाठी दोनशे रुपये तरी काढा. लहान पिल्लाला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते. तुमची मुलं रात्री अकरापर्यंत त्याला चेतवतात आणि वर ‘हा वेडा झालाय’ म्हणतात. एवढंही जमत नसेल तर पिल्लू आणलंत कशाला? रीलसाठी?

लसीचं कार्ड उद्या सकाळपर्यंत मला दाखवा, नाहीतर मी महापालिकेत जातो. साखळी काढा. पट्टा लावून रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः खाली उतरा, नोकराला पाठवू नका. आणि खिशात पिशवी ठेवा. पार्किंगमधलं उचलायचा पगार वॉचमनकाकांना कुणी देत नाही.