दर निवडणुकीला तोच खोटा निरोप

यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवून ‘कलम ४९ अ’खाली ‘चॅलेंज व्होट’ (मतदाराच्या ओळखीवर आक्षेप आल्यास तपासून दिले जाणारे मत) मागा, आणि एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून अधिक ‘टेंडर व्होट’ (आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर मतपत्रिकेवर दिली जाणारी मते) पडली तर तिथे फेरमतदान होते, हा निरोप दर निवडणुकीला व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि दर वेळी माझा संताप होतो. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील ४९ अ हा नियम मुळात मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. यादीत नाव नसेल तर मत देताच येत नाही, आणि १४ टक्क्यांचा नियम तर कुठेच नाही.

गेल्या निवडणुकीत मी मतदान अधिकारी होतो. भर दुपारी रांगेत उभी राहिलेली एक म्हातारी आधार कार्ड आणि नातवाचा मोबाइल पुढे करून म्हणाली, “साहेब, यात लिहिलंय ना!” तिला परत पाठवताना माझ्या पोटात तुटले.

तिला दोष कसा द्यायचा? निरोप पाठवणारा तिच्याच घरातला, शिकलेला. परक्यावर तिने इतका विश्वास टाकला नसता. नमुना ६ भरून वेळेत नाव नोंदवा, हे सांगायला मात्र त्या घरात कोणी नव्हते. पक्षांचे कार्यकर्ते प्रचारासाठी दारोदार फिरतात, पण आपल्याच गटांत हे खोटे फिरत असताना ते खोडून काढत नाहीत. उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे पसरवले तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ नुसार शिक्षा केवळ दंडाची, मग असले निरोप पाठवायची भीती कोणाला वाटणार?