एकाच दवाखान्याचे पैसे किती वेळा भरायचे?

काल रात्री साडेअकरापर्यंत बसून ७,७६१ पौंड भरले. व्हिसाची फी यात नाही बरं का, ती वेगळी. हा नुसता हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसावाल्यांनी ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यासाठी भरायचा जादा पैसा, आणि तोही नवरा आणि दोन मुलांचाच. माझा कंपनीने भरला, घरच्यांचा आमचा आम्ही बघायचा. ब्रिटनमध्ये व्हिसावर राहणाऱ्या मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६. व्हिसा तीन वर्षांनी वाढवायचा तर तिन्ही वर्षांचे आधीच मोजायचे, एकरकमी. तीन अर्ज, तीन पेमेंटं. धाकटीचे २,३२८ भरताना कार्ड डिक्लाइन झालं. दोन वर्षांची आहे ती! नवऱ्याचं कार्ड शोधून आणलं, पुन्हा सगळे आकडे टाकले, तेव्हा कुठे ते पान पुढे सरकलं.

पैसे गेल्याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग हे पैसे दुसऱ्यांदा घेतले जातात याचा आहे. माझ्या पगारातून दर महिन्याला इन्कम टॅक्स कापला जातो, नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याची सक्तीची वर्गणी, कापला जातो. नवऱ्याच्याही पगारातून जातो. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, चालते ती मुख्यतः याच करांवर. म्हणजे इतरांइतकंच आम्ही भरतो, आणि मग परदेशी आहात म्हणून त्याच दवाखान्याचे वेगळे मोजा. २०१५ मध्ये हा सरचार्ज सुरू झाला तेव्हा २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. पाचपटीहून जास्त! कुणाचा पगार वाढला हो पाचपट? वर ऐकवतात काय, तर ‘तुम्हाला तिकडे औषधपाणी फुकट असतं ना?’ हे ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो.

बरं, कर भरून पदरात काय पडतं तेही ऐका. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये दोघं आईवडील नोकरी करत असतील तर नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळा सुरू होईपर्यंत आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने पाळणाघर मिळतं, वर्षातले ३८ आठवडे. नर्सरीतल्या बाई मोठ्या आपुलकीने म्हणाल्या, अर्ज करून टाका, बिल बरंच उतरेल. घरी येऊन अटी वाचल्या. आमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदतीवर हक्क नाही, असं लिहिलंय, म्हणून आम्ही बाद. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचं काम तेच, पगार तोच, कर तोच. त्याच्या मुलाला ३० तास, माझ्या मुलीचं पूर्ण बिल. मुलांसाठी सरकार देतं त्या भत्त्याचं, चाइल्ड बेनिफिटचंही तेच. कर घेताना मात्र कुणी व्हिसा तपासत नाही!

‘कायमचं राहायची परवानगी काढा, सगळं सुटेल,’ असं सांगणारे खूप भेटतात. काढू की! एप्रिल २०२५ मध्ये या परवानगीची, म्हणजे आयएलआरची, फी माणशी ३,०२९ पौंड झाली, लहान मुलाला एक पैशाचीही सवलत नाही. त्या दराने चौघांचे १२,११६. अर्ज तपासायला खरा खर्च किती येतो ते सरकार स्वतःच छापतं आणि तो याच्या कितीतरी कमी आहे. म्हणजे मधला पैसा सरळसरळ आमच्या गरजेवर कमावलेला. तो भरायलाही आम्ही तयार होतो. पाच वर्षं राहिलं की ही परवानगी मागता येते, म्हणून हिशोब मांडून, सुट्टीतलं फिरणं टाळून, वर्षात १८० दिवसांच्या वर देशाबाहेर राहायचं नाही म्हणून कॅलेंडरवर खुणा करून पैसे साठवत होतो. आणि मे २०२५ मध्ये सरकारने स्थलांतरावर काढलेल्या श्वेतपत्रिकेत प्रस्ताव काय आला, तर पाचाऐवजी दहा वर्षं! अहो, आम्ही आलो ते पाच वर्षांचा नियम वाचून. मुलांच्या शाळा, घर, नोकऱ्या, सगळं त्या पाचावर बेतलेलं. अर्ध्या वाटेत नियम हलवायचा विचार तरी कसा येतो यांच्या मनात? दहा वर्षं म्हणजे आणखी पाच वर्षांचा सरचार्ज, चौघांचा, पुन्हा आगाऊ.

थोरला सात वर्षांचा आहे. सकाळी विचारत होता, काल रात्री तुम्ही दोघं का भांडत होता. भांडत नव्हतो रे, दुसऱ्या कार्डावर किती शिल्लक आहे ते बघत होतो.