मूळ फाइल कुणाकडे आहे?

पुण्यातल्या आमच्या मित्रमंडळींत सध्या वाद रंगलाय: मोबाइल घेऊन फिरणाऱ्याला पत्रकार म्हणायचं का? रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकलेले म्हणतात, मुळीच नाही. बाकीचे म्हणतात, पेपरवाल्यांवर कोण विसंबतंय आता, आपल्या बातम्या आपणच देऊ. नेदरलँड्समधल्या द हेगमधून ऐकताना मला दोघेही मुद्द्याला बगल देताहेत असं वाटतं.

इथे मी एका ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना उघड मिळणाऱ्या माहितीवरून केलेल्या, बातमीदारीच्या प्रकल्पात स्वयंसेवक आहे. युद्धभागातून लोकांनी टाकलेले व्हिडिओ कुठले आणि केव्हाचे, हे ठरवायचं. सावलीवरून वेळ काढायची, छपरं उपग्रहाच्या चित्रांशी जुळवायची. मग दुसरा कुणीतरी माझं सगळं काम पहिल्यापासून तपासतो. नाव कुठेच येत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण इथल्या लोकांना त्याचं मोल कळतं. 17 जुलै 2014 रोजी युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं एमएच17 हे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. गेलेल्या 298 जणांत 196 डच होते. क्षेपणास्त्राची गाडी कुठल्या रस्त्यांनी आली, याचा माग बेलिंगकॅट या ओपन सोर्स शोधगटाच्या मंडळींनी सामान्य माणसांच्या फोटो-व्हिडिओंवरून काढला. अधिकृत तपास वेगळा चालूच होता. 2022 मध्ये हेगच्या न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली.

आता आपलं 25 जुलै 2024 घ्या. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीतल्या घरांत शिरलं. व्हिडिओंचा नुसता पूर आला. पुढे भांडण जुंपलं ते पूर्वसूचना दिली होती की नाही यावर. विसर्गाचे क्युसेकचे आकडे जाहीर होतातच. कुठल्या पार्किंगमध्ये किती वाजता पाणी कुठवर होतं, ते या आकड्यांशेजारी मांडता येतं. भर पावसात सावली कुठली मिळायला! पण दुकानाची पाटी, महावितरणच्या खांबावरचा नंबर, बुडालेल्या स्कूटरचं हँडल एवढ्यावर भागतं. मात्र व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या व्हिडिओत चित्रणाची मूळ वेळ उरत नाही. त्यामुळे ‘सर्वात आधी मीच टाकला’ म्हणणाऱ्यापेक्षा मूळ फाइल जपून ठेवणारा मला जास्त पत्रकार वाटतो, मग तो रानडेत शिकलेला असो वा नसो.

अर्थात, मला हे बोलायला काय जातंय? माझ्या दारावर कुणी येत नाही. तिथे चित्रण करणाऱ्याला नगरसेवकाची माणसं नावानिशी ओळखतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच फर्मान निघतं, ‘असलं काही टाकू नका, फ्लॅटचे भाव पडतील.’ म्हणूनच ‘नागरिक पत्रकारांना ओळखपत्रं द्या’ ही मागणी मला पटत नाही. त्याने चित्रण करणारा आणखी उघडा पडेल, आणि गळ्यात कार्ड अडकवून वसुली करणारे तेवढे वाढतील. चित्रण करणारा एक आणि तपासून नावानिशी जबाबदारी घेणारा दुसरा, अशी वाटणी हवी. तपासणारा लांबचा असला तरी चालतो. आम्ही परदेशातले मराठी लोक एवढं नक्की करू शकतो.

सरकारी कागद तपासणं मात्र लांबून जमत नाही. सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांनी कार्यालयात येऊन फायली पाहाव्यात, ही पद्धत पुणे महापालिकेतूनच निघाली. 2018 मध्ये राज्य सरकारने ती इतर कार्यालयांसाठीही घेतली. त्यासाठी तिथल्याच कुणाला तरी अर्धा दिवस रजा टाकावी लागते.