हलके छत, जड भिंती

लाकडी कमानी छतांवरील एका लेखात म्हटले आहे की असे छत वजनाने हलके असल्यामुळे भूकंपात तग धरते; हे विधान तत्त्वतः बरोबर आहे. १७४६ च्या भूकंपानंतर पेरूची राजधानी लिमा येथील कॅथेड्रलची (मुख्य चर्चची) छते लाकडात उभारली गेली, ती याच विचाराने. मात्र पेरूतीलच इका कॅथेड्रलकडे पाहिले, तर केवळ छताचे मूल्यमापन अपुरे ठरते असे मला ठामपणे वाटते. तेथे बाहेर विटा-मातीच्या जाड भिंती आहेत, तर आत लाकडी खांब आणि कमानीला आकार देणाऱ्या लाकडी फासळ्यांवर बोरू (वेतासारखे पोकळ गवत) बांधून गिलावा केलेली छते. या दोन रचना धक्क्यात वेगवेगळ्या तऱ्हेने हलतात आणि जेथे त्या जोडलेल्या असतात, तेथेच ताण साठतो. १५ ऑगस्ट २००७ च्या ८ क्षमतेच्या भूकंपात तेथील घुमट व छत अंशतः कोसळले.

दुसरी बाब लाकडाच्या प्रकृतीची. गिलाव्याआड वाळवीने पोखरलेले फासळीचे टोक वरून धडधाकट दिसते, आणि इमारतीच्या संगणकीय प्रतिमानात (मॉडेलमध्ये) ते अखंड धरले की सगळा हिशेबच फसतो. म्हणून लाकडांचे सांधे पूर्ण ताठ किंवा पूर्ण सैल न मानता, निवडक ठिकाणी गिलावा उघडून त्यांची प्रत्यक्ष पकड तपासावी आणि तेच आकडे गणितात घ्यावेत.