पानवलच्या पुलावर घड्याळ मागे पडत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. माहेरच्या, वाडीच्या, शाळेच्या आणि भजनी मंडळाच्या. थोडक्यात तो असा: वेग म्हणजे शरीरावर जोर, म्हणून साठीपुढच्यांनी वंदे भारतसारख्या गाडीत बसू नये. तरुणांनी मात्र जरूर बसावं, कारण वेगात काळ मंदावतो हे आइन्स्टाइनने दाखवलंय आणि रोज गाडीने जाणाऱ्याचं वय कमी वाढतं. हे घडतं त्वरणामुळे. उपग्रहांवरची घड्याळं त्यामुळेच मागे पडतात. आणि रेवतीच्या कथेत आपल्याकडे हे सगळं आधीच सांगून ठेवलंय.

मी रत्नागिरीत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एरवी अशा मेसेजच्या वाटेला जात नाही. पण शेजारच्या आजींनी मोतीबिंदूच्या तपासणीला मुंबईला जायचं काढलेलं तिकीट रद्द करायला लावलं. "एवढ्या वेगात छातीवर जोर पडतो म्हणतात गो," असं मला सांगितलं. माणसाचं डोळ्यांचं काम अडतंय म्हटल्यावर गप्प बसवेना. एकेक मुद्दा घेते.

"वेगामुळे शरीरावर जोर पडतो"

नाही. जोर जाणवतो तो वेग बदलताना, आणि त्या बदलण्यालाच त्वरण म्हणतात. नुसता वेग कितीही असो, तो शरीराला कळतही नाही. आजी ओटीवर बसून तांदूळ निवडतात तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याबरोबर त्या ताशी साधारण 1,600 किलोमीटरने पूर्वेकडे चाललेल्या असतात. सूर्याभोवतीचा वेग तर सेकंदाला 30 किलोमीटर. सुपातला एक दाणा हलत नाही.

मुलांना हे दाखवायला मी गाडीत 30 सेंटीमीटर दोऱ्याला एक लोखंडी नट बांधून टांगते. रत्नागिरी स्टेशनातून गाडी सुटली की दोरा मागे कलतो. मागच्या खेपेला खालचं टोक अर्धा सेंटीमीटर मागे गेलं होतं. 9.8 ला 0.5 ने गुणून 30 ने भागा: 0.16 मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गाडीचं त्वरण. या हिशेबाने शून्यावरून ताशी 100 गाठायला तीन मिनिटं लागतात. मग करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. बाहेर मिट्ट काळोख, गाडी एका लयीत, आणि दोरा सरळ खाली, वर्गातल्या फळ्याशेजारी टांगल्यासारखा. त्या चार मिनिटांत डब्यातला कुठलाही प्रयोग आपण किती वेगात आहोत ते सांगू शकत नाही. गॅलिलिओने 1632 साली जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन हेच लिहिलं होतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत चहाचा कप हातात धरून उभं राहिलेल्यांना ते वेगळं सांगायला नको.

आता आजींचा झोपाळा घ्या. दहा अंशांचा झोका घेतला तर टोकाला त्वरण 1.7 भरतं, म्हणजे सुटणाऱ्या गाडीच्या दहापट! त्या झोपाळ्यावर त्या रोज दुपारी वर्तमानपत्र वाचतात.

उलट परशुराम घाटात एसटीचा काटा तिसावर स्थिर असतो आणि तरीही आपण शेजारच्यावर कलंडतो. पाठ्यपुस्तकात चाल आणि वेग असे दोन शब्द वेगळे ठेवलेत ते उगाच नाहीत. चाल तीच राहिली, पण दिशा बदलली म्हणून वेग बदलला, आणि वेग बदलला की त्वरण आलं. मळमळतं त्याने.

"गाडीत काळ मंदावतो, म्हणून वय कमी वाढतं"

यात अर्धं खरं आहे, म्हणून तर हा मेसेज इतका पसरतो. चालणारं घड्याळ मंद होतं, हे आइन्स्टाइनच्या 1905 च्या सिद्धांतातून निघतं आणि प्रयोगांनी ते पक्कं झालंय. प्रश्न आहे किती, हा. आपल्या नेहमीच्या वेगांना हिशेब सोपा आहे: चालीचा वर्ग, भागिले प्रकाशवेगाच्या वर्गाची दुप्पट. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर. उत्तर येतं 4.3 भागिले एकावर पंधरा शून्यं; दर सेकंदाला घड्याळ तेवढे सेकंद मागे पडतं. गाडी तीन कोटी वर्षं न थांबता धावली तर जेमतेम चार सेकंदांचा फरक पडेल. रोज आठ तास, वर्षाचे 365 दिवस, सलग 40 वर्षं प्रवास केला तर वाचतात 1.8 मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). पापणी लवायला एक दशांश सेकंद धरला, तर त्याचाही पन्नास हजारावा भाग.

आणि तेवढेसुद्धा हातात राहतील याची खात्री नाही, कारण काळावर उंचीचाही परिणाम होतो. जितकं उंच, तितकं घड्याळ जलद. हे निघतं आइन्स्टाइनच्याच गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातून. 2010 साली अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा फक्त 33 सेंटीमीटर वर ठेवून हा फरक मोजला गेला.

रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा रेल्वेपूल 64 मीटर उंच आहे. खाली नदीपात्रात उभ्या असलेल्या माणसाच्या तुलनेत, उंचीमुळे पुलावरचं घड्याळ 7 भागिले एकावर पंधरा शून्यं इतकं जलद चालतं. ताशी 100 च्या वेगाने ते मंदावतं 4.3. म्हणजे पुलावरून जाणाऱ्या प्रवाशाचं वय खालच्या माणसापेक्षा जास्तच वाढतंय! दोन्ही परिणाम फिटायला गाडीला ताशी साधारण 127 किलोमीटर वेग हवा. पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा मी दोनदा तपासला, कारण तो ओळखीचा वाटला. पुलावरून आंबा सोडला आणि हवेचा अडथळा नसला, तर तो ज्या वेगाने खाली आपटेल तो नेमका हाच. समीकरण एकच आहे, म्हणून हे जुळतं. मला स्वतःला यात फार आनंद झाला होता, अजूनही होतो.

हा हिशेब जाऊन-येऊन मिळून आहे. एका दिशेपुरता केला तर पृथ्वीचं फिरणं मध्ये येतं. ते किती महत्त्वाचं असतं हे ऑक्टोबर 1971 मध्ये दिसलं. हाफेल आणि कीटिंग यांनी सीझियमची आण्विक घड्याळं प्रवासी विमानांतून जगभर फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा 59 नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) मागे पडली. पश्चिमेकडे गेलेली 273 नॅनोसेकंद पुढे गेली. 'जो फिरतो तो तरुण राहतो' हे विधान तिथेच संपतं. रत्नागिरीच्या सड्यावर 100 मीटर उंचीवर घर असलेला माणूस किनाऱ्यावरच्यापेक्षा 40 वर्षांत 14 मायक्रोसेकंदांनी जास्त म्हातारा होतो. गाडीत वाचवलेल्याच्या सातपटीहून जास्त, नुसतं घरी बसून.

"हे सगळं त्वरणामुळे होतं"

ही चूक शिकलेली माणसंही करतात. जुळ्यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते: एक भाऊ यानातून दूर जाऊन परत येतो आणि तरुण राहिलेला असतो. परत फिरताना त्यालाच त्वरण होतं, म्हणून काळही त्वरणाने वाचला असं वाटतं.

तपासून बघा. दोन बहिणी प्रकाशाच्या 80 टक्के वेगाने निघाल्या आणि अगदी सारख्या पद्धतीने, सारखंच वळण घेऊन परतल्या. थोरली पृथ्वीच्या हिशेबाने 10 वर्षांनी आली, धाकटी 20 वर्षांनी. वळण क्षणात उरकलं असं धरलं, तर थोरलीची 6 वर्षं झाली आणि धाकटीची 12. एकीचा फरक 4, दुसरीचा 8. त्वरण दोघींचं एकच, मग फरक दुप्पट कसा? कारण तो संपूर्ण प्रवासभर साठत गेला. घाटात रस्ता वळतो म्हणून लांबतो, पण ती लांबी वळणाच्या दगडापाशी ठेवलेली नसते. कोणाचा मार्ग वाकला ते त्वरण दाखवतं. काळाचं माप निघतं त्या अख्ख्या मार्गावरून.

प्रयोगही आहे. 1977 साली सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत म्युऑन नावाचे कण 14 मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरवले. स्थिर म्युऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंद टिकतो, हे सुमारे 64 टिकले. फिरताना त्यांचं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या एकावर अठरा शून्यं इतकं पट होतं. तरीही आयुष्य वाढलं ते नुसत्या वेगाच्या सूत्राने येतं तेवढंच. त्वरणाचा वेगळा वाटा काही दिसला नाही.

"रेवतीच्या कथेत हे आहे"

रैवत राजा मुलीला घेऊन ब्रह्मलोकी जातो, गायन संपेपर्यंत थांबतो, तेवढ्यात पृथ्वीवर 27 चतुर्युगं उलटतात आणि परत आल्यावर रेवतीचं बलरामाशी लग्न होतं. कल्पना विलक्षण आहे. मी वर्गात ती सांगते. पण त्यात काळ वेगळा आहे तो ब्रह्मदेवाच्या लोकात. वेग, अंतर, माप यांचा उल्लेख नाही. सूत्र म्हणून तिचा उपयोग होत नाही.

"उपग्रहांची घड्याळं मागे पडतात"

उलट आहे. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे 14,000 किलोमीटरने फिरतात. वेगामुळे त्यांचं घड्याळ दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतं, उंचीमुळे 45 पुढे जातं. निव्वळ 38 पुढे. शिवाय उपग्रह सतत मुक्तपणे पडत असतो. माझा नट बांधलेला दोरा तिथे नेला तर तो कुठेच कलणार नाही, नुसता तरंगेल. जोर जाणवत नाही, तरी काळात फरक आहेच.

38 मायक्रोसेकंदांत प्रकाश 11 किलोमीटरहून जास्त जातो. हिशेब चुकला तर अंतराच्या मापात दिवसाला तेवढी चूक साठत जाईल. म्हणून ही घड्याळं सोडण्याआधीच मुद्दाम किंचित मंद लावतात: त्यांच्या ठोक्यांची वारंवारता 10.23 मेगाहर्ट्झऐवजी 10.22999999543. मिरकरवाड्याचा तांडेल रात्री जीपीएस बघून जाळ्याची जागा गाठतो आणि पहाटे बंदराचं तोंड शोधतो, ते दशांश चिन्हापुढच्या या अकरा आकड्यांवर.