आडवं जाणं

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'पार्किंगची सोय उपलब्ध' असं ठळक छापलेलं असतं. कार्यालय स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला, हे मात्र छापायचं राहून जातं. आम्हा बिनगाडीवाल्यांना नेमकं तेवढंच हवं असतं. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये सांगणारा माणूस एक तर नवा असतो, नाहीतर त्याच्याकडे ड्रायव्हर असतो.

हे बेट आहे उभट. त्यामुळे इथे ज्याने त्याने जे काही बांधलं ते उभंच बांधलं. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ती उत्तरेला. पुढे पश्चिम रेल्वे उभी, हार्बर मार्गही उभा. समुद्रात भराव घालून कोस्टल रोड केला, तोही उभा, आणि त्यावर पायी चालायला बंदी. मग जमिनीखाली शिरून आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरची मेट्रो खणली. आता तरी आडवी काढतील म्हणावं, तर तीही उभी! चर्चगेटहून बोरिवलीला माणूस डुलक्या काढत पोचतो. खरी परीक्षा आडवं, म्हणजे पूर्व-पश्चिम, जाण्यात.

प्रभादेवीहून शिवडीचं उदाहरण घ्या. सरळ रेषेत जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. पण प्रभादेवी पश्चिम रेल्वेवर आणि शिवडी हार्बरवर. रेल्वेनेच जायचा हट्ट असेल तर प्रभादेवीहून आधी वर माहीम, आणि माहीमहून हार्बरने उलटं खाली शिवडी. कारण हार्बरच्या गाडीला दादर ठाऊकच नाही. दोन गाड्या करून आपण निघालो त्याच्या शेजारी पोचतो. त्यापेक्षा पुलावरून परळला उतरावं आणि तिथून चालू लागावं; पाऊण तासाच्या आत शिवडी येते. बसही मिळते, पण बसची वाट पाहणं हा स्वतंत्र प्रवास आहे. रिक्षा म्हणाल, तर वांद्रे आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे खुद्द बेटावर, तिला प्रवेशच नाही. उरते काळी-पिवळी टॅक्सी. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, आणि पुढे सिग्नलला उभं राहण्याचे वेगळे.

दादर हा या आडव्या दुनियेचा मुख्य दरवाजा म्हणायला हरकत नाही. पूर्वी तिथे पश्चिमेचा एक नंबर फलाट आणि मध्यचा एक नंबर फलाट असे दोन 'एक नंबर' होते आणि "एक नंबरवर भेटू" म्हणणारी माणसं दोन वेगवेगळ्या रेल्वेंवर एकमेकांच्या नावाने बोटं मोडत उभी असायची. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना १ ते १४ असे सलग आकडे दिले. गोंधळ कमी झाला, उशीर झाल्यावर सांगायचं एक हुकमी कारणही गेलं.

गाडीत चढण्याबद्दल लोक फार बोलतात, पण गाडी पकडायची ती उतरण्याच्या हिशेबाने. ज्या स्टेशनला उतरायचं तिथला पूल कुठल्या टोकाला आहे, हे पाठ पाहिजे. बारा डब्यांची गाडी पाव किलोमीटर लांब असते. चुकीच्या टोकाला उतरलात तर तेवढं अंतर सगळ्या गर्दीच्या मागून, मुंगीच्या पावलांनी. त्यात इंडिकेटरवरचा आकडाही बघायचा. बाराच्या जागी पंधरा डब्यांची आली की तुमचा ठरलेला डबा भलतीकडेच थांबतो. उतरण्याची तयारी निदान एक स्टेशन आधी. फास्ट गाडीत हे 'एक स्टेशन' लांबलचक असतं, इतकाच दिलासा. पुढच्याला फक्त "दादर?" एवढंच विचारायचं. तो "हो" म्हणाला तर त्याच्या पाठीला चिकटायचं, मान हलवून नाही म्हणाला तर जागा बदलून घ्यायची. बॅग पोटाशी. आणि अंधेरीला उतरायचं असेल तर संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये शिरू नये. उतरू देणार नाहीत असं नाही, पण त्यावर आधी चर्चा होईल.

पावसाळ्यात गाडीवाल्यांची आणि आमची बरोबरी होते. किंबहुना आम्ही किंचित पुढे असतो, कारण आमचं इंजिन बुडत नाही. मात्र भरतीचा अभ्यास लागतो. नुसत्या पावसाने दादर-परळमधला हिंदमाताचा सखल चौक भरत नाही असं नाही, पण साडेचार मीटरच्या वरची भरती आणि धो धो पाऊस एका वेळी आले की नाल्यांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली जातात. मग शहरातलं पाणी बाहेर पडायला जागाच उरत नाही, ते मूळच्या सात बेटांच्या मधल्या बुजवलेल्या सखल भागात ठिय्या देतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे अमावास्येनंतर तीन-चार दिवसांनी ती दुपारी तीन-चारच्या सुमारास, ऑफिस सुटायच्या आधीच येणार. त्या दिवशी साहेबांकडे लवकर निघायची परवानगी मागताना तिथीचा दाखला द्यावा; साहेब धार्मिक असले तर खोलात विचारत नाहीत. पायात रबरी चप्पल, चामड्याचं काही नको. गुडघाभर पाण्यात मधोमध झाडाची फांदी उभी दिसली तर ती वृक्षारोपण नव्हे, उघडं मॅनहोल आहे.

समुद्र आहेच तर बोटीने का जात नाही, असं गाडीवाले विचारतात. गेटवेहून मांडव्याला बोट जाते, पण ती अलिबागच्या लोकांसाठी. शिवाय जूनपासून ऑगस्टअखेर बंद. चर्चगेटहून माहीमला नेणारी बोट अजून कोणी काढलेली नाही. काढली तर तीही उभीच जाणार म्हणा.

लग्नाहून परतताना आइस्क्रीमचा दुसरा बाउल घ्यायचा की नाही, हे घड्याळ पाहून ठरवावं. शेवटच्या लोकल मध्यरात्रीनंतर तासाभरात आटोपतात, आणि बारा वाजले की टॅक्सीच्या मीटरवर पंचवीस टक्के चढतात, ते पहाटे पाचपर्यंत. भाडं नाकारणं हा गुन्हा आहे, हे टॅक्सीवाल्यालाही माहीत असतं. म्हणून तो नाकारत नाही. तो फक्त काच दोन बोटं खाली करून विचारतो, "पूर्व की पश्चिम?" आणि तुम्ही काहीही सांगितलंत तरी त्याचं घर नेमकं दुसऱ्या बाजूला असतं.